स्वरसाथ (हिंदुस्थानी संगीत)

स्वरसाथ किंवा गायनसाथ म्हणजे हिंदुस्थानी रागसंगीताच्या मैफलीत मुख्य गायकाच्या मागे तानपुरा घेऊन बसलेल्या शिष्याने गुरूच्या गायनाला दिलेली आपल्या आवाजाची जोड होय. तबला व संवादिनी यांची साथ सहसा व्यावसायिक वादक करतात. स्वरसाथ मात्र बहुधा शिकत असलेल्या तरुण कलावंताकडे असते. मुरलेल्या कलावंताबरोबर जाणत्या श्रोत्यांपुढे गाण्याची ही त्याची अनेकदा पहिलीच वेळ असते. जुगलबंदीत दोन्ही कलावंत बरोबरीचे मानले जातात. स्वरसाथीत एकाने दुसऱ्याच्या विचाराला धरून गायचे असते.

स्वरूप

शिष्याचे काम तानपुरे लावण्यापासून सुरू होते. पहिली तार रागानुसार पंचम, मध्यम किंवा निषादात मिळवतात, मधली जोड षड्जात आणि शेवटची तार खर्जात. घोडीवर तारेखाली धागा सरकवून जवारी काढतात. सभागृहातील हवा बदलली की तारा चढतात-उतरतात; अशा वेळी गायन चालू असताना, गुरूचे लक्ष विचलित न करता, त्या पुन्हा मिळवाव्या लागतात.

प्रत्यक्ष गायनात गुरू श्वासासाठी थांबला की स्वर धरून ठेवणे आणि आवर्तन संपत आले की मुखडा उचलून समेवर येणे, एवढी किमान अपेक्षा असते. याहून अवघड भाग संयमाचा आहे. विलंबित यमनात गुरू अद्याप निषाद, ऋषभ आणि गंधार यांच्याच भोवती असेल, तर शिष्याने मध्येच पंचमावर जाणे हा मोठा दोष समजतात. पंचम केव्हा दाखवायचा हा निर्णय गुरूचा असतो. तो स्वर आधीच लागला, तर गुरूने धीराने निर्माण केलेली उत्कंठा वाया जाते. गुरूने हाताने खूण केली, तर शिष्याला एखाद-दुसरे आवर्तन स्वतंत्रपणे मिळते. ते गुरूच्याच तानेची नक्कल करून भरणे सोपे असते. गुरूने सोडलेला धागा उचलून पुढे नेणे आणि वेळेवर परत करणे, यात शिष्याची तयारी दिसते.

गायन गुरूच्या पट्टीत चालते, शिष्याच्या नव्हे. गुरू स्त्री आणि शिष्य पुरुष असल्यास, किंवा याउलट असल्यास, ही पट्टी शिष्याच्या आवाजाला अनेकदा गैरसोयीची ठरते.

परंपरा

ग्वाल्हेरचे हद्दू खाँ व हस्सू खाँ हे बंधू जोडीने गात. ख्यालगायनात दुसऱ्या आवाजाची सवय अशी जुनीच आहे. ध्वनिवर्धक नसताना मोठ्या बैठकीत आवाज पोहोचवण्यासाठी आणि प्रदीर्घ मैफलीत गायकाला विसावा मिळण्यासाठीही त्याचा उपयोग होई.

विसाव्या शतकात महाराष्ट्र, गोवा व धारवाड परिसरातील अनेक गायक या वाटेने पुढे आले. प्रभा अत्रे यांनी आपल्या गुरू हिराबाई बडोदेकर यांना अनेक मैफलींत साथ केली. माधव गुडी यांनी भीमसेन जोशी यांच्यामागे दीर्घकाळ स्वरसाथ केली. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या कित्येक ध्वनिमुद्रणांत त्यांचे पुत्र राजशेखर यांचा आवाज ऐकू येतो. ही साथ नेमकी कशी करतात, हे अभ्यासकाने तेथे अवश्य ऐकावे.

किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) यांनी तरुणपणी आई व गुरू मोगूबाई कुर्डीकर यांच्यामागे तानपुऱ्यावर बसून साथ केली. त्या दौऱ्यांत आईला मिळालेली गौण वागणूक त्यांनी जवळून पाहिली आणि पुढे मुलाखतींत ती बोलूनही दाखवली. मैफलीच्या मानमर्यादेविषयीचा त्यांचा आग्रह समजून घेताना हा अनुभव विसरता येत नाही. गायनाच्या बाबतीत मात्र त्या आईच्या मागे थांबल्या नाहीत. जयपूर-अत्रौली घराण्याची शिस्त पचवून त्यांनी भावाला प्राधान्य देणारी स्वतःची गायकी घडवली आणि त्यासाठी परंपरावाद्यांची टीकाही सोसली.

कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांचे उदाहरण वेगळे आहे. बालपणीच ते ध्वनिमुद्रिकांवरील थोर गायकांच्या गायनाची हुबेहूब प्रतिकृती करत आणि स्वतंत्र मैफली गाजवत. पद्धतशीर शिक्षण त्यांना नंतर बी. आर. देवधर यांच्याकडे मिळाले. मागे न बसताही गायक घडू शकतो, हे त्यावरून दिसते. पण अशी प्रतिभा अपवादानेच आढळते.

नृत्यात याला जवळची प्रथा म्हणजे कथकमधील पढंत. गुरू नाचत असताना बोल म्हणण्याची जबाबदारी काही वेळा शिष्याकडे सोपवली जाते. तेथे लय चुकली, तर चूक लपत नाही.

मर्यादा आणि बदल

वर्षानुवर्षे एकाच आवाजाशी जुळवून घेताना शिष्याचा स्वतःचा आवाज दबतो, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप आहे आणि तो निराधार नाही. काहींच्या गळ्यात गुरूच्या लकबी, त्याचे खाकरणेसुद्धा उतरते. आयोजकांशी व्यवहार गुरूच्या नावाने होत असल्याने साथीदार शिष्याचे मानधन बऱ्याचदा गुरूच्या मर्जीवर अवलंबून राहते. निमंत्रणपत्रिकेत त्याचे नाव सर्वांत शेवटी येते, काही वेळा येतच नाही.

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यामुळे मागे शिष्य बसलाच पाहिजे, ही गरज उरलेली नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर निर्बंध आणले. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणी रात्रभर चालणारी सत्रे त्यानंतर आवरती घ्यावी लागली. तासाभरात दोन राग आणि भजन बसवणाऱ्या गायकाला शिष्यासाठी एक आवर्तन सोडणेही कठीण जाते. त्यामुळे पूर्वी मंचावर होणारे हे शिक्षण आता बरेचसे गुरूच्या घरच्या तालमीत आणि लहान घरगुती बैठकींत होते.