धुकं पिणारं वाळवंट

मुंबई विषुववृत्ताच्या जितकी उत्तरेला, साधारण तितकाच दक्षिणेला नामिबियाचा स्केलेटन कोस्ट आहे. दोन्हीकडे पश्चिमेला समुद्र, दोन्ही उष्ण कटिबंधात. पण मुंबईत वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथे वीसेक मिलिमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी! तेवढं तर आपल्याकडे आषाढातली एखादी सर तासाभरात ओतून जाते आणि त्याची बातमीही होत नाही.

अख्खा अटलांटिक उशाशी असताना ही तहान का? कारण तो समुद्र गार आहे. बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह या किनाऱ्याला लागून उत्तरेकडे सरकतो. दक्षिणेचे वारे आणि पृथ्वीचं फिरणं मिळून वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं आणखी गार पाणी वर येतं. या पाण्यावरची हवा थंड, जड. तिला वर चढून पावसाचे ढग बांधणं जमत नाही. तिला जमतं फक्त धुकं, आणि ते मात्र वारा कित्येक किलोमीटर आत वाळवंटात घेऊन जातो.

या धुक्यावर एक काळा भुंगेरा जगतो. धुक्याच्या पहाटे तो वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे पाठ वर करतो आणि डोकं खाली घालून चक्क शीर्षासनात उभा राहतो. पाठीवर दव साठतं, थेंब होतात, घरंगळत तोंडाशी येतात. पन्हळ लावून पागोळ्यांचं पाणी धरावं तसंच, फक्त पन्हळही स्वतःच आणि हंडाही स्वतःच.

खोलातून आलेलं ते गार पाणी रिकाम्या हाताने येत नाही. तळाशी साठलेली पोषकद्रव्यं ते वर आणतं, त्यावर प्लवक पोसतात, प्लवकांवर मासे, माशांवर हजारो सील. म्हणजे ज्या पाण्याने जमीन उपाशी ठेवली, त्यानेच समुद्र भरवला. मग जमिनीवरचे प्राणी जेवायला किनाऱ्यावर उतरतात. तपकिरी तरस आणि कोल्हे सीलची पिल्लं उचलतात. आणि सिंहही येतात! 1980च्या दशकात इथले सिंह सील मारत. पुढे दुष्काळ आणि गुरं राखणाऱ्यांशी झालेले झगडे यांत ते किनाऱ्यावरून नाहीसे झाले. काही वर्षांनी सिंह परतले, पण सीलची शिकार कोणाला ठाऊक नव्हती. ती काही तरुण सिंहिणींनी नव्याने साधली. फिलिप स्टँडर या संशोधकाने 2019 साली त्यांच्या आहाराची नोंद प्रसिद्ध केली: सील, पाणकावळे, रोहित पक्षी. आईने न शिकवलेली ही शिकार त्यांनी अंधाऱ्या किनाऱ्यावर कशी जमवली असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

माणसाला मात्र हा किनारा लाभला नाही. धुक्यात वाट चुकलेली जहाजं आणि देवमाशांची पांढरी पडलेली हाडं यांनी तो भरलेला. 1942च्या नोव्हेंबरात ‘डनेडिन स्टार’ हे ब्रिटिश जहाज इथे रुतलं. सुटकेला आलेली टगबोटही किनाऱ्यावर आदळली आणि तिच्यावरचे दोघे दगावले. मदतीला उतरलेलं विमान वाळूत फसलं. पुढे महत्प्रयासाने बाहेर काढलं, तर उडाल्यावर थोड्याच वेळात समुद्रात पडलं. गंमत अशी, की मूळ जहाजावरचे सगळे वाचले! या हकिकतीवर जॉन मार्श यांनी 1944 साली लिहिलेल्या पुस्तकाने ‘स्केलेटन कोस्ट’ हे नाव सर्वतोमुखी केलं.

1971 पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे: दक्षिणेला उगाब नदी, उत्तरेला अंगोलाच्या हद्दीवरची कुनेने, मध्ये सुमारे 500 किलोमीटर. उगाबच्या फाटकावर मोठ्ठी कवटी रंगवली आहे. परवाना घेऊन गाडीने टेरेस बेपर्यंत जाता येतं. त्यापुढचा भाग मोजक्याच लोकांना, तोही बहुधा छोट्या विमानाने. रस्ता सोडून गाडी घालायची नाही, कारण खडकाळ मैदानावर दगडफुलाच्या जातीचं आवरण असतं आणि त्यावर उमटलेले चाकांचे व्रण कित्येक दशकं बुजत नाहीत.

टेरेस बेला लोक येतात ते मुख्यतः गळ टाकायला. भर उन्हाळ्यात, अंगात स्वेटर घालून.