हरलेला सगळ्यांत उंच
चित्र वाचताना : लेखांक ९

चिंतामणी गणपतीच्या आगमनाच्या दिवशी चिंचपोकळीच्या पुलावर उभं राहिलेल्या माणसाला गर्दी कशी मांडतात हे वेगळं शिकवावं लागत नाही. खाली नुसती डोकी, तरी नजर भरकटत नाही. कारण सगळे मोबाइल, सगळ्या माना एकाच दिशेला आणि मूर्ती सगळ्यांच्या वर. लढाईचं चित्र काढणाराही हीच दोन हत्यारं वापरतो : दिशा आणि उंची.

पॉम्पेईत १८३१ साली एका घराच्या जमिनीवर अलेक्झांडरच्या लढाईचं चित्र सापडलं. लाखो चिमुकले रंगीत तुकडे जोडून केलेलं, पाच मीटरहून लांब. आज ते नेपल्सच्या संग्रहालयात आहे. हरवलेल्या ग्रीक रंगचित्राची ही रोमन काळातली नक्कल, असं मानतात.

डावीकडून अलेक्झांडर घुसतो, डोक्यावर शिरस्त्राण नाही. त्याचा भाला एका इराणी स्वाराच्या आरपार गेलाय. उजवीकडे रथात इराणी राजा दारियस. सारथी चाबूक उगारून घोडे पळवतोय. दारियस मात्र मागे वळून, हात पुढे करून त्या मरणाऱ्या स्वाराकडे बघतोय. रथ उजवीकडे, राजा डावीकडे. सगळा ताण त्या एका हातात. खाली पडलेल्या एका सैनिकाला चकचकीत ढालीत स्वतःचाच चेहरा दिसतोय. आणि या सगळ्यांत उंच कोण? जिंकणारा नव्हे, पळणारा दारियस.

आता आपल्या मुंबईत या. बोरिवली पश्चिमेला एकसर गावात सहा वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्याच्या नावे उभा केलेला दगड. अक्षरं झिजल्यामुळे नावं कळत नाहीत. पण शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातल्या १३व्या शतकातल्या आरमारी लढाईशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात.

त्यातला एक सुमारे १० फूट उंच आणि ३ फूट रुंद. आडव्या पट्ट्या पाडलेल्या. तळाच्या पट्टीत डोलकाठ्यांची गलबतं निघालीत, वल्ह्यांच्या रांगा एकाच कलाने तिरक्या. दिशा इथे वल्ही दाखवतात. वरच्या पट्टीत गलबतं एका जहाजावर तुटून पडतात, माणसं पाण्यात कोसळतात. त्याच्या वर शिवलिंगाची पूजा, आणखी वर कैलास, शिव-पार्वती. माथ्यावर कलश.

ग्रीक चित्रकाराने एकच क्षण धरला आणि त्यात सगळी लढाई कोंबली. आपल्या पाथरवटाने काळाला शिडी लावली : निघाला, लढला, पडला, पोचला. रीत वेगळी, पण उंची दोघांनीही जिंकणाऱ्याला दिलेली नाही. एकाने ती हरणाऱ्या राजाला दिली, दुसऱ्याने मेलेल्या शिपायाला. लढाईचं चित्र चांगलं की नुसती जाहिरात, हे मी यावरून ठरवतो.

या रविवारी चिंचपोकळीहून धीमी लोकल पकडा, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेवर या आणि बोरिवली गाठा. दगडासमोर आधी उकिडवे बसा. तो खालून वर वाचायचा असतो.