हापूसची थेट विक्री आणि ग्राहकाला जाणारा निरोप

शास्त्री नदीच्या मुखावरच्या जयगडपासून रत्नागिरीपर्यंतच्या बागांतला हापूस दीर्घकाळ दलालाच्या वखारीतूनच विकला जाई. पेट्या आधी बोटींनी, पुढे ट्रकने मुंबईला जात आणि माल खपला की बागायतदाराच्या हाती हिशेबाची पट्टी येई. आंबा कोणाच्या घरी गेला, हे कळायला मार्ग नव्हता. मुंबई-पुण्यातली ओळखीची चार घरे तेवढी अपवाद.

मोबाइल स्वस्त झाल्यावर एकगठ्ठा एसएमएस पाठवून देणारे व्यावसायिक पुढे आले. ‘अस्सल हापूस’ असा एकच मजकूर कोणाच्याही फोनवर येऊन आदळू लागला. दूरसंचार नियामक ट्रायने 2007 मध्ये जाहिराती नको असणाऱ्यांची नोंदवही सुरू केली. सप्टेंबर 2011 पासून एका सिमवरून दिवसाला 100 एसएमएसची मर्यादा घातली, ती लवकरच 200 झाली. 2018 च्या नियमांनी पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवणे सक्तीचे केले. लहान बागायतदाराला हा खटाटोप झेपणारा नव्हता. त्याला त्याची गरजही नव्हती. दोन-तीनशे पेट्यांच्या मालाला लाखभर अनोळखी लोक कशाला हवेत?

त्याची सोय व्हॉट्सॲपने केली. तिथल्या ब्रॉडकास्ट यादीत 256 नावे मावतात, आणि पाठवणाऱ्याचा नंबर ज्याने सेव्ह केला आहे त्यालाच निरोप पोचतो. विक्रेत्याला जाचक वाटणारी ही अटच ग्राहकाच्या संमतीची खूण ठरली. जानेवारी 2018 मध्ये व्यवसायासाठीचे वेगळे ॲप आले, त्यात ग्राहकांना लेबल लावून गट पाडता येऊ लागले. राज्याने 2016 मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केलाच होता. 2020 च्या टाळेबंदीत ऐन हंगामात बाजार विस्कळीत झाले, तेव्हा शहरातल्या सोसायट्यांकडून फोनवरच मागणी नोंदवून घेतली गेली आणि अनेकांची ग्राहकयादी त्या उन्हाळ्यात उभी राहिली.

यादी हाती आली तरी निरोप लिहायचे कसब उरतेच. सुरुवातीला नाव तर यंत्रही घालते; खरे कसब कोणाला कधी काय लिहायचे, यात असते. हापूस तयार पण कच्चा काढतात आणि आढीत घातल्यावर तो साधारण आठवड्याभरात पिकतो, म्हणून सगळा हिशेब तारखेचा असतो. गुढीपाडव्याला देवापुढे ठेवायला डझनभर फळे लागणारे घर वेगळे, अक्षय्य तृतीयेपर्यंत भाव उतरायची वाट पाहणारे वेगळे, आणि मे महिन्यात नातवंडे जमल्यावर मोठी पेटी नेणारे आणखी वेगळे. पहिल्या घराला मार्चमध्ये विचारायचे, तिसऱ्याला तेव्हा छेडायचेसुद्धा नाही. गेल्या वर्षी ज्याच्या फळांत साका, म्हणजे आतला खराब गर, निघाला, त्याला भाव कळवण्याआधी भरपाईचे विचारावे. अवकाळी पावसाने मोहोर गळाला असेल तर तेही आधीच सांगावे. पेटी उशिरा आली तरी असा ग्राहक सहसा तुटत नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. ज्या दुकानाच्या निरोपाखाली ‘नको असल्यास कळवा’ एवढी ओळही नसते, त्याने ती आता घालावी.