एक छोटा संगणक, दोन पडदे

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात रविवारी सकाळी वंदना झाली की त्याच सतरंजीवर दुसरे काम सुरू होते. दहावी-बारावी झालेली मुले-मुली कागदांच्या पिशव्या घेऊन येतात आणि आम्ही काही कार्यकर्ते त्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर भरून देतो. 2023 च्या पावसाळ्यात एका मुलीचा अर्ज भरताना आमच्या हातून उत्पन्नाच्या दाखल्याच्या नंबरातील दोन अंक मागेपुढे झाले. अर्ज परत आला. दुरुस्तीत महिने गेले. शिष्यवृत्तीच्या भरवशावर ठरवलेली पुस्तके आणि रेल्वेचा पास यांसाठी तिच्या आईने कानातली फुले गहाण ठेवली. ती माउली आम्हाला एक शब्दही बोलली नाही. त्याचेच जास्त वाईट वाटले.

चूक कशी झाली, याचा आम्ही विचार केला. पडदा एकच. त्यावर आधी दाखला उघडायचा, नंबर डोक्यात धरायचा, मग दाखला झाकून अर्ज उघडायचा आणि आठवेल तसे टाइप करायचे. आम्ही पेशाने कारकून. समोर व्हाउचर असल्याशिवाय खतावणीत आकडा लिहू नये, हा पहिला धडा आम्ही नोकरीत शिकलो. कचेरीत आमच्या टेबलावर दोन मॉनिटर आहेत, एकावर बिल आणि दुसऱ्यावर हिशेब. मग विहारातच आठवणीवर काम का चालावे?

विहाराचा संगणक वर्षावासात जमलेल्या धम्मदानातून घेतलेला. कचेऱ्यांतून निघालेले असे जुने छोटे संगणक मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाला, नेहमी विक्रीला असतात. लेनोवोचा ‘टायनी’, डेलचा ‘मायक्रो’, एचपीचा ‘मिनी’ ही त्यांची नावे. लांबी-रुंदी साधारण 18 सेंटिमीटर, जाडी साडेतीन सेंटिमीटर. पिशवीत मावेल एवढा जीव, पण काम पूर्ण करतो. दुसरा मॉनिटर एका उपासकाने घरातला जुना आणून दिला. आता फक्त जोडायचे राहिले, असे आम्हाला वाटले. तिथेच आम्ही फसलो.

दुकानात जाऊन म्हटले, “दोन मॉनिटर लावायचे आहेत.” दुकानदाराने ‘स्प्लिटर’ नावाची डबी दिली. घरी येऊन लावली, तर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र! दाखला उघडला की दोन्हीकडे दाखला, अर्ज उघडला की दोन्हीकडे अर्ज. स्प्लिटर एका चित्राच्या दोन प्रती काढतो, इतकेच त्याचे काम. वर्गात मुलांना शिकवायला ही डबी चांगली, पण आमच्या कामाची नव्हती. समाजाचे पैसे वाया गेले. इतरांचे जाऊ नयेत म्हणून ही माहिती सविस्तर देत आहोत.

आधी पाठीमागे पाहा

काहीही विकत घेण्यापूर्वी संगणक फिरवून त्याची पाठ पाहावी. चित्र बाहेर देणारी तोंडे, ज्यांना पोर्ट म्हणतात, ती किती आणि कोणती आहेत ते मोजावे. निळ्या रंगाचे, 15 छिद्रांचे आणि दोन्ही बाजूंना स्क्रू असलेले ते व्हीजीए. ते 1987 सालचे, सर्वांत जुने. चपटे आणि खालचे दोन्ही कोपरे निमुळते असलेले ते एचडीएमआय. हे टीव्हीलाही असते. आयताकृती, पण एकच कोपरा कापलेला दिसला तर ते डिस्प्लेपोर्ट. नव्या संगणकांना यूएसबी-सी असते. त्यातून चित्र मिळतेच असे नाही, म्हणून घेण्यापूर्वी खात्री करावी.

छोट्या डब्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवायला सहसा जागा नसते. चित्र काढण्याचे काम त्याचा प्रोसेसरच करतो. 2012 सालच्या तिसऱ्या पिढीपासून इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरना एका वेळी तीन पडदे चालवता येतात. मात्र मागे तेवढी तोंडे हवीत. आमच्या संगणकाला एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट होते. म्हणजे दुसरा पडदा लावायची सोय पहिल्या दिवसापासून तिथेच होती. आम्हीच मागे वळून पाहिले नव्हते.

मग मॉनिटर पाहा

दान मिळालेल्या मॉनिटरला फक्त व्हीजीए होते. डिस्प्लेपोर्टमधून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर साडेतीनशे रुपयांत मिळाला आणि काम झाले. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, व्हीजीए हे जुन्या पद्धतीचे आहे. नव्या तोंडातून व्हीजीए काढायचे तर आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो, नुसती वायर चालत नाही. दोन, या वस्तू एकाच दिशेने चालतात. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय मॉनिटरला जाणारी केबल स्वस्तात मिळते. तीच केबल उलटी लावून संगणकाच्या एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरला चित्र जात नाही. म्हणून दुकानात “संगणकाला हे आहे, मॉनिटरला ते आहे” असे दोन्ही सांगावे. मोबाइलवर दोन्हींच्या पाठीचा फोटो काढून नेला तर उत्तमच.

मागे एकच तोंड असेल तर यूएसबीला लावायचा डिस्प्ले अडॅप्टर मिळतो. त्याचा प्रोग्राम संगणकात घालावा लागतो. अर्ज आणि लिखाण यांसाठी तो पुरतो. मॉनिटर नसेल तर घरचा एचडीएमआय टीव्हीही चालतो. टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या गेल्या तर टीव्हीच्याच सेटिंगमध्ये चित्राचा आकार बदलावा.

शेवटची किल्ली

केबल लावूनही आमच्या दोन्ही पडद्यांवर पुन्हा एकच चित्र आले. आम्ही कपाळाला हात लावला. शेजारी बसलेल्या बारावीच्या मुलाने विंडोजचे बटण दाबून धरले आणि ‘पी’ दाबले. चार पर्याय आले. ‘डुप्लिकेट’ म्हणजे तेच चित्र दोन्हीकडे, आणि ‘एक्सटेंड’ म्हणजे दोन्ही पडदे मिळून एक मोठे टेबल. त्याने एक्सटेंड निवडले आणि दाखला उचलून डावीकडच्या पडद्यावर ठेवला. माऊस भलत्याच बाजूला जात असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये 1 आणि 2 अशा दोन चौकटी दिसतात. टेबलावर मॉनिटर ज्या क्रमाने ठेवले आहेत त्याच क्रमाने त्या ओढून ठेवाव्यात.

विजेची चिंता नको. 22 इंची एलईडी मॉनिटरला साधारण 20 ते 25 वॅट लागतात, जुन्या 40 वॅटच्या ट्यूबलाइटपेक्षा कमी. डिस्प्लेपोर्टची केबल काढताना मात्र तिची खिट्टी दाबून मगच ओढावी. ओढाताणीत पोर्ट तुटते.

आता आमच्या विहारात डावीकडे दाखला, उजवीकडे अर्ज असतो. मुलगा किंवा मुलगी एकेक अंक मोठ्याने वाचते, आम्ही टाइप करतो, पालक दोन्हीकडे पाहतात. मार्कशीटवरचे नाव आणि जातीच्या दाखल्यावरचे नाव यांतला फरक अर्ज पाठवण्यापूर्वीच नजरेत येतो.

20 जुलै 1924 रोजी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि लगेच 1925 मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. मुलांना आधी बसायला जागा आणि शिकायला साधन द्यायचे, ही ती दृष्टी. धर्मांतरानंतर अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना मिळायला 1990 साल उजाडावे लागले. इतक्या झगड्याने मिळालेला हक्क दोन अंकांच्या चुकीने अडून पडू नये.

ज्यांच्या घरात जुना मॉनिटर धूळ खात पडला असेल त्यांनी तो भंगारात देण्यापूर्वी जवळच्या विहारात विचारावे. ज्या विहारात संगणक आहे तेथील कार्यकर्त्यांनी येत्या रविवारी तो एकदा फिरवून पाहावा.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाच्या पुढे गेली आहे. रविवारी ती येते आणि उजव्या पडद्यासमोर बसून इतरांचे अर्ज तपासते. आमचेसुद्धा.

जयभीम!