आधी धुरा सापडला पाहिजे

आमच्या बुलढाण्याकडे वावराची मोजणी निघाली की शेजारपाजारचे सगळे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जमतात. जुन्या पद्धतीच्या मोजणीत मोजणीदार तिपाईवर फळी मांडायचा, तिच्यावर नकाशा लावायचा आणि खुणा शोधायला लागायचा. पडकी विहीर, हद्दीचा दगड, जिथे तीन शिवा भेटतात तो कोपरा. कागदावरची खूण आणि मातीतली खूण जुळली की फळी तिथेच घट्ट करायची, आणि मगच खुंटी ठोकायची. खूण चुकली तर नकाशा कितीही बरोबर असो, खुंटी दुसऱ्याच्या वावरात जाते.

पोट न फाडता नुसत्या सुईने गाठीपर्यंत पोचणाऱ्या डॉक्टरांपुढे नेमका हाच प्रश्न असतो. यकृतातली बोराएवढी गाठ आठ दिवसांपूर्वीच्या एमआरआयमध्ये स्वच्छ दिसते. आज टेबलावर सोनोग्राफी लावली तर तीच गाठ आजूबाजूच्या यकृतात मिसळून जाते. नकाशात ती आहे, वावरात दिसत नाही. म्हणून जुनं चित्र आजच्या शरीरावर बसवावं लागतं. या विद्येला इमेज रजिस्ट्रेशन म्हणतात. जुनं आणि आजचं चित्र एकत्र करून पडद्यावर दाखवलं की त्याला फ्यूजन म्हणतात.

याची सुरुवात मेंदूपासून झाली. 1947 साली फिलाडेल्फियात स्पीगल आणि वायसिस यांनी रुग्णाच्या डोक्याला पक्की चौकट बसवली आणि तिच्यावरून मोजून मेंदूत सुई नेली. दोन वर्षांनी स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी आपली चौकट मांडली. ती चौकट म्हणजेच हद्दीचा दगड. पुढे 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला, आणि कवटीच्या आतलं प्रत्यक्ष दिसू लागलं.

मग एमआरआय आला आणि नवी अडचण उभी राहिली. सीटीत हाड पांढरं दिसतं, एमआरआयमध्ये तेच काळं. एकावर एक ठेवून रंग जुळवायला जावं तर जुळायचेच नाहीत. 1990च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत व्हायोला आणि वेल्स यांनी, आणि बेल्जियममध्ये ल्यूव्हेनच्या कोलिन्यों, मास आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे एकच वाट काढली. रंग सारखे आहेत का, हे विचारायचंच सोडून द्या. एका चित्रात एखाद्या जागी काळं दिसलं, तर त्यावरून दुसऱ्या चित्रात तिथे काय असेल हे किती खात्रीने सांगता येतं, ते मोजा. एक चित्र थोडं सरकवायचं, थोडं फिरवायचं, पुन्हा मोजायचं. खात्री सगळ्यात जास्त जिथे येईल, तिथे चित्रं जुळली. मला या सगळ्या विद्येतली ही सगळ्यात सुंदर कल्पना वाटते. दोन माणसं वेगवेगळ्या भाषा बोलतात, पण एकाच गावाबद्दल बोलतात, हे त्या गणिताने ओळखलं.

प्रत्यक्ष काम कसं चालतं? टेबलाशेजारी मंद चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारा ठोकळा असतो आणि सोनोग्राफीच्या प्रोबवर छोटा सेन्सर. प्रोब कुठे आहे, कसा कललाय, हे यंत्राला कळत राहतं. पडद्याच्या एका बाजूला आजची सोनोग्राफी, दुसऱ्या बाजूला जुना एमआरआय. डॉक्टर यकृतातल्या मोठ्या शिरेला जिथे फाटा फुटतो ती जागा शोधतात आणि दोन्ही चित्रांत तिच्यावर खूण करतात. तेवढी जुळली की हात हलेल तसा एमआरआयही त्याच कोनात कापला जातो.

पण शरीर म्हणजे कागद नाही. आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तसं यकृत श्वासागणिक सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली-वर होतं. कवटी उघडली की मेंदूही खचतो. नुसतं सरकवून-फिरवून भागत नाही, चित्र ताणावं-दाबावं लागतं, आणि ताणताना कुठे थांबायचं हे कळायला अनुभव लागतो. "श्वास घ्या, सोडा, आता धरून ठेवा," या तीन सूचनांवर त्या क्षणी बरंच काही अवलंबून असतं.

एक धोका तर नवख्याला दिसतही नाही. अंगावर चिकटवलेल्या खुणा तंतोतंत जुळल्या म्हणजे आतली गाठही जुळली, असं होत नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे मायकेल फिट्झपॅट्रिक यांनी हे गणिताने दाखवून दिलं. खुणा गाठीभोवती चहूबाजूंनी पसरलेल्या हव्यात. सगळ्या एकाच कडेला असल्या तर पलीकडचा कोपरा भरकटतो. कोणताही जुना मोजणीदार हेच सांगेल. म्हणून सुई गेल्यावर पुन्हा एक स्कॅन काढून टोक खरंच कुठे आहे ते पाहणं, याला मी या कामातला खरा प्रामाणिकपणा मानतो.

आमच्या जिल्ह्यातून अशा उपचारांसाठी अनेकांना शेगाव किंवा मलकापूरहून मुंबईची गाडी धरावी लागते. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 पासून उभं आहे. तिथे स्कॅनच्या आधाराने सुईने तुकडा काढणं आणि उष्णतेने गाठ जाळणं अशी कामं होतात. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. सीटीवरून सुईचा मार्ग आणि कोन ठरवून देणारी यंत्रं चेन्नईच्या परफिंट कंपनीने आपल्याच देशात घडवली आहेत. खारपाणपट्ट्यातल्या संग्रामपूर, जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाचे आजार घरोघरी माहीत आहेत. तिथल्या रुग्णाला बायोप्सी सांगितली तर सुई सोनोग्राफीच्या नजरेखालीच जाते, आणि मूत्रपिंडही श्वासाबरोबर हलतं.

या प्रवासात एक गोष्ट मला फार खुपते. मोठ्या पाकिटात घडी पडू न देता, एसटीत मांडीवर धरून नेलेल्या फिल्म जुळवणीच्या कामाला जवळपास निरुपयोगी असतात. फिल्म म्हणजे नकाशाचा फोटो. जुळवणीला मूळ नकाशा लागतो, म्हणजे डायकॉम नावाच्या प्रमाणित स्वरूपातली माहिती. तिच्यात प्रत्येक कापाची जाडी आणि जागा लिहिलेली असते. 1993 पासून हे प्रमाण त्या नावाने रूढ आहे, तरी अनेकदा रुग्णाच्या हाती फक्त फिल्म आणि रिपोर्ट पडतो. मग दूरच्या शहरात पुन्हा स्कॅन, पुन्हा पैसे, पुन्हा थांबणं.

तेव्हा स्कॅन झाल्यावर खिडकीशीच सांगा, "डायकॉमची सीडी द्या." तिच्यावर नाव आणि तारीख बरोबर आहे ना, ते तिथेच पाहून घ्या. ओरखडा पडू नये म्हणून रुमालात गुंडाळा आणि मगच गाडीत बसा.