पायांवरची सूज आणि सफरचंदाचा सिरका

पायांना सूज आलेले रुग्ण हल्ली हमखास विचारतात, “डॉक्टर, सफरचंदाचा सिरका घेऊ का? अंगातले पाणी उतरते म्हणे.”

सिरका, म्हणजेच व्हिनेगर, हे सफरचंदाचा रस आंबवून केलेले आम्ल. त्यात साधारण ५ टक्के अॅसेटिक आम्ल, बाकी बहुतेक पाणीच. त्यातले पोटॅशियम अंगातले मीठ बाहेर काढते, असे सांगितले जाते. मोठ्या चमचाभर सिरक्यात ते जेमतेम ११ मिलिग्रॅम असते. एका केळ्यात ४००च्या आसपास! सिरक्याने लघवी वाढून सूज उतरते, याला भरवशाचा पुरावा नाही.

मुळात सूज हा रोग नव्हे, लक्षण आहे. नडगीवर अंगठ्याने थोडा वेळ दाबून धरा. खळगा राहिला तर पाणी साठले आहे असे समजावे. एस.टी.च्या लांब प्रवासाने किंवा दिवसभर उभे राहिल्याने आलेली, सकाळी ओसरणारी सूज बहुधा साधी असते. मात्र सोबत धाप लागत असेल, झोपताना उशा वाढवाव्या लागत असतील, तर हृदय तपासायला हवे. सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि लघवीला फेस असेल, तर मूत्रपिंड. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवावे. गरोदर बाईचा चेहरा सुजून डोके दुखत असेल तर रक्तदाब ताबडतोब मोजावा. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनने आणि गुडघ्यांसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही पाय सुजतात.

माझ्याकडच्या एका हृदयरोगी आजोबांनी लघवीची गोळी सोडून महिनाभर सिरका घेतला. सूज मांड्यांपर्यंत चढली, रात्री बसून काढाव्या लागल्या. शेवटी भरती करावे लागले. गोळीसोबत सिरका घेणेही बरे नव्हे. या गोळ्यांपैकी बऱ्याच पोटॅशियम कमी करतात, आणि रोज भरपूर सिरका पिऊन ते घसरल्याची उदाहरणे आहेत. दातांचे आवरण झिजते ते वेगळेच.

मीठ मात्र खरोखर पाणी धरून ठेवते. दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, पुरे. लोणचे, पापड, फरसाण यांतलेही त्यातच धरायचे.

तपासणीला येताना चालू असलेल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून आणा. सिरक्याची बाटलीसुद्धा.