मोठी टीम हरते तेव्हा चाहते काय विसरतात?

मॅच हरली की पाचच मिनिटांत घराघरात तज्ज्ञ तयार होतात. टॉस जिंकून बॉलिंग का घेतली? शेवटची ओव्हर त्यालाच का दिली? अमुक खेळाडूला बाहेर का बसवलं? चहा गार होतो, पण चर्चा काही थांबत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं समजू नका. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचं वेड आपल्या क्रिकेटइतकंच जबरदस्त आहे आणि तिथले चाहतेही पराभवानंतर असाच हिशोब मांडत बसतात. तिथल्या एका सामन्याची चर्चा तर इतकी वर्षं उलटून गेली तरी निघतेच. तो सामना समजून घेतला तर आपल्या घरातल्या चर्चेकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

काय घडलं होतं?

तारीख १ सप्टेंबर २००७. ठिकाण ॲन आर्बर शहरातलं मिशिगन विद्यापीठाचं भलंमोठं स्टेडियम. प्रेक्षक १ लाख ९ हजारांहून जास्त. मिशिगनची टीम तेव्हा देशाच्या क्रमवारीत पाचव्या स्थानावर होती. समोर होती नॉर्थ कॅरोलिनातल्या बून या डोंगरातल्या छोट्या गावाची ॲपलाचियन स्टेट.

अमेरिकेत कॉलेज टीमचे वेगवेगळे स्तर असतात. मिशिगन सर्वात वरच्या स्तरावर, तर ॲपलाचियन तेव्हा त्याच्या खालच्या स्तरावर होती. वरच्या टीमला ८५ शिष्यवृत्त्या देता येत होत्या, खालच्या टीमला ६३. मोठी विद्यापीठं हंगामाच्या सुरुवातीला अशा टीमला पैसे देऊन खेळायला बोलावतात. मोठ्यांना सोपा विजय मिळतो आणि छोट्यांना निधी. ॲपलाचियनला या सामन्याचे ४ लाख डॉलर मिळणार होते.

पण मध्यंतराला स्कोअर होता २८-१७ आणि पुढे होती ॲपलाचियन! शेवटची पाच मिनिटं उरलेली असताना मिशिगनच्या माइक हार्टने ५४ यार्ड पळत जाऊन टीमला ३२-३१ अशी आघाडी मिळवून दिली. मग २६ सेकंद बाकी असताना ॲपलाचियनने ३ गुण मिळवले आणि स्कोअर झाला ३४-३२. अगदी शेवटच्या क्षणी मिशिगनच्या खेळाडूने गोलसाठी चेंडू मारला, पण कोरी लिंचने तो हवेतच अडवला आणि खेळ संपला.

१९७८ मध्ये हे दोन स्तर वेगळे झाल्यापासून खालच्या टीमने वरच्या स्तरावरच्या क्रमवारीतल्या टीमला हरवल्याची ही पहिलीच वेळ होती. पुढच्या क्रमवारीत मिशिगन पाचव्या स्थानावरून थेट पहिल्या २५ मधून बाहेर फेकली गेली. तिकडे बूनमध्ये विद्यार्थ्यांनी आपल्याच मैदानावरचा गोलपोस्ट उखडून मिरवत कुलगुरूंच्या घरी नेला.

दोन गुणांचा हिशोब

आता चाहत्यांचा लाडका मुद्दा पाहू. या खेळात चेंडू घेऊन समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचलं की ६ गुण मिळतात. त्यानंतर दोन पर्याय असतात. चेंडू लाथेने खांबांच्या मधून मारून जवळजवळ हमखास १ गुण घ्यायचा, किंवा धोका पत्करून पुन्हा त्या पट्ट्यात घुसायचं आणि २ गुण मिळवायचे. मिशिगनने दुसऱ्या अर्धात दोनदा धोका पत्करला आणि दोन्ही वेळा हाती शून्य आलं.

सामना गेला तो नेमका २ गुणांनी! मग काय, दोन्ही वेळा १-१ गुण घेतला असता तर ३४-३४ अशी बरोबरी झाली असती, असा हिशोब लगेच मांडला जातो. प्रशिक्षक लॉइड कार यांच्यावर खापर फोडणं त्यामुळे सोपं होऊन जातं.

पण त्या क्षणी उभं राहून विचार करा. पहिल्या वेळी स्कोअर २६-३१ होता. २ गुण मिळाले असते तर फरक ३ वर आला असता, म्हणजे एका फील्ड गोलने बरोबरी करता आली असती. दुसऱ्या वेळी मिशिगन १ गुणाने पुढे होती. २ मिळाले असते तर आघाडी ३ ची झाली असती आणि ॲपलाचियनचा शेवटचा फील्ड गोल फक्त बरोबरीपुरता ठरला असता. दोन्ही निर्णयांमागे तर्क होता, फक्त ते साधले नाहीत. निर्णय फसला म्हणजे तो चुकीचाच होता, असं नसतं.

मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं की, एकदा निकाल कळला की माणसाला तोच होणार होता असं वाटू लागतं. आपण म्हणतो ना, ‘मला आधीच माहीत होतं!’ ते हेच.

जिंकणारे कुठे गेले?

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट बाजूला राहते. मिशिगन का हरली यावर तासन् तास बोललं जातं, पण ॲपलाचियन का जिंकली यावर फारच कमी.

खरं तर ती काही कच्ची टीम नव्हती. आपल्या स्तरावर २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षं ती विजेती होती. प्रशिक्षक जेरी मूर यांनी खेळाडूंना मैदानभर पसरवून वेगाने खेळायची पद्धत बसवली होती. अर्मांटी एडवर्ड्ससारखा चेंडू फेकण्यात आणि पळण्यात सारखाच तरबेज क्वार्टरबॅक त्यांच्याकडे होता. शेवटच्या दोन मिनिटांत मिशिगनचे दोन फील्ड गोल त्यांनी अडवले. हे नशीब नव्हे, तयारी होती. त्या वर्षीही त्यांनीच आपल्या स्तराचं विजेतेपद पटकावलं.

आपल्याकडेही त्याच वर्षी असंच घडलं होतं. १७ मार्च २००७ रोजी वर्ल्डकपमध्ये बांगलादेशने भारताला १९१ धावांत गुंडाळलं आणि ५ विकेट्सनी सामना जिंकला. रांचीत धोनीच्या बांधकाम सुरू असलेल्या घराची तोडफोड झाली. पण बांगलादेशची टीम चांगली खेळली, असं किती जण म्हणाले? पुढच्याच महिन्यात त्याच टीमने दक्षिण आफ्रिकेलाही हरवलं, तेव्हा कुठे तिची ताकद लोकांच्या लक्षात आली.

‘आम्ही’ जिंकलो, ‘ते’ हरले

रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९७६ मधलं संशोधन याच खेळावर होतं. कॉलेजची फुटबॉल टीम जिंकली की सोमवारी जास्त विद्यार्थी कॉलेजचं नाव असलेले कपडे घालून येत. जिंकल्यावर ‘आम्ही जिंकलो’ म्हणण्याकडे त्यांचा कल असे आणि हरल्यावर ‘ते हरले’. म्हणजे विजय आपला आणि पराभव खेळाडूंचा!

एका निकालावरून सगळं ठरवू नका

मिशिगनने पुढचा सामनाही ओरेगनकडून ७-३९ असा गमावला. सगळं संपलं असं वाटत असतानाच याच टीमने सलग आठ सामने जिंकले आणि १ जानेवारी २००८ रोजी बलाढ्य फ्लोरिडाला ४१-३५ असं हरवलं. प्रशिक्षक कार यांचा तो निरोपाचा सामना होता. त्यांच्या जागी मैदानभर पसरून खेळण्याच्या पद्धतीचे जाणकार प्रशिक्षक आणले गेले, पण २००८ च्या हंगामात मिशिगनच्या वाट्याला ३ विजय आणि ९ पराभव आले. दुसऱ्याची पद्धत आणली की यशही मागोमाग येईल, असं नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी मॅच हरल्यावर चर्चा जरूर करा, त्यातही मजा असते. फक्त बोलताना हे ३ प्रश्न विचारून पाहा :

- हा निर्णय निकाल लागण्याआधीही मला चुकीचा वाटला होता का?
- समोरच्या टीमने कोणत्या २ गोष्टी चांगल्या केल्या?
- आपली टीम जिंकली असती तर याच निर्णयाला मी काय म्हटलं असतं?

घरात मुलं असतील तर दुसरा प्रश्न त्यांना नक्की विचारा. शाळेच्या सामन्यात हरून घरी आल्यावर ‘कोणामुळे हरलात?’ असं विचारलं की मूल मित्राचं नाव घेतं. ‘ते काय चांगलं खेळले?’ असं विचारलं की ते थोडा वेळ विचार करतं आणि मग दुसऱ्या दिवशी मैदानावर तेच करून बघतं.